पुढे चाल मिळालेला डिसेंबर

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याइतका न्यायी माणूस कॅनडाच्या अख्ख्या ओंटारिओ प्रांतात सापडणार नाही, आणि ज्या न्यायासाठी ते झुरतात त्याच्याशी इतका कमी संबंध असलेला माणूसही सापडणार नाही. आमच्या ग्वेल्फमधली बाकीची मराठी मंडळी कायम राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे पीआरसाठी झुरतात, मुलांच्या ॲडमिशनसाठी झुरतात, मार्चमध्ये तर सगळीच उन्हासाठी झुरतात. हे गृहस्थ मात्र सीमेपलीकडे अमेरिकेतल्या कॉलेजांची जी फुटबॉल स्पर्धा होते, त्यात कोणत्या संघाला कितवं मानांकन द्यावं आणि पहिल्या फेरीत कोणाला न खेळता पुढे चाल द्यावी, या एका प्रश्नासाठी वर्षानुवर्षं झुरत आले आहेत. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू काखोटीला मारून एकमेकांवर आदळायचा, तो. इथल्या लोकांना हिवाळ्यात हॉकीशिवाय काही दिसत नाही आणि आमच्या लोकांना बाराही महिने क्रिकेटशिवाय. त्यामुळे भाऊजींचं हे झुरणं अगदी एकट्याचं होतं. शुभदाला मी बहिणीच्या ठिकाणी मानते, म्हणून तिचा नवरा माझा भाऊजी. गावात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. 'ते मानांकनवाले' म्हटलं की लोकांना कळतं, आणि पार्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी का असते तेही कळतं.

ते मूळचे नागपूरचे. एम.एस. करायला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका लहानशा युनिव्हर्सिटीत गेले. तिथली पहिलीच थंडी अशी काही अंगावर आली, की खोलीतून बाहेर पडायचं म्हटलं तरी त्यांना रडू यायचं. एका शनिवारी शेजारच्या खोलीतल्या मुलाने जास्तीचं एक तिकीट हातात कोंबलं आणि हे स्टेडियमवर गेले. दोन अनोळखी, आडव्या बांध्याच्या शेतकऱ्यांच्या मधे जागा मिळाली. "अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा अंगात ऊब आली ती त्या दोघांच्या मधे बसून," असं ते अजूनही सांगतात. खेळ काही कळला नाही, पण उजवीकडच्या शेतकऱ्याने चार तास तो समजावून सांगितला. आपल्या लहान गावाच्या संघाला मोठे संघ कसे वर येऊच देत नाहीत, हेही सांगितलं. त्या दिवसापासून तो अन्याय भाऊजींच्या अंगावर येऊन बसला, तो आजतागायत उतरलेला नाही. पुढे नोकरी लागली ती ग्वेल्फला, गुरांचं खाद्य तयार करणाऱ्या एका कारखान्यात. खाद्याचे दाणे चाळणीतून काढून कुठला कितव्या प्रतीचा ते ठरवणं, हे त्यांच्या विभागाचं काम. देवाने नोकरी देताना माणूस पाहून दिली, असं शुभदा म्हणते.

क्रम चुकला की भाऊजींना शारीरिक त्रास होतो. आमच्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, टेबलावर पदार्थ कसे मांडायचे ते तेच ठरवतात. माझ्या मसालेभाताला त्यांनी एकदा चौथा क्रमांक दिला. मी जरा घुश्श्यातच विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणाले, "मागच्या तीन दिवाळ्या पाहूनच दिला ना. गेल्या वर्षी मीठ कमी होतं." स्वतःच्या बायकोच्या कोशिंबिरीला त्यांनी शेवटच्या टोकाला, कागदी ग्लासांच्या पलीकडे बसवलं होतं, त्यामुळे मीच पातेलं उचलून चौथ्या जागी ठेवलं. बर्फ पडलं की ते शोव्हल घेऊन लोकांच्या दारातलं बर्फ उपसायला निघतात, तेही क्रमाने: आधी कोपऱ्यावरची काठी घेऊन चालणारी इटालियन आजी, मग रात्रपाळी करून आलेला पंजाबी ड्रायव्हर, मग तान्हं बाळ असलेलं घर. स्वतःचा ड्राइव्ह-वे सगळ्यात शेवटी. त्यामुळे बर्फाच्या दिवशी ते कामावर हमखास उशिरा पोचतात आणि का उशीर झाला ते साहेबाला क्रमवार सांगतात.

मानांकनाचा मूळ प्रश्न ते जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बाटल्या मांडून समजावतात. तो मीही इतक्या वेळा ऐकलाय, की आता झोपेतही सांगू शकेन. स्पर्धेत बारा संघ. त्यातल्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल; तिकडे तिला 'बाय' म्हणतात. ते घरी बसणार. उरलेले आठ खेळणार. त्यातही पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे आपापल्या गावी, आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर खेळणार. आता पुढे चाल मिळालेले चार कोण? पहिल्या चार क्रमांकांचे, असं कोणालाही वाटेल. पण तसा नियम नव्हता. देशभरात संघांचे गट असतात, त्या गटांच्या विजेत्यांमध्ये जे चार वरचे, त्यांना पुढे चाल. म्हणजे गट दुबळा असला, संघाचा क्रमांक पार आठवा-नववा असला, तरी त्याला मान. आणि बळकट गटात दुसरा आलेला देशातला तिसऱ्या क्रमांकाचा संघ पहिल्या फेरीत घाम गाळणार. "क्रमवारी लावायची एक, आणि मान द्यायचा दुसऱ्यालाच!" इथे भाऊजींचा आवाज चढतो आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली कैरीच्या पुढे जाते. त्यात आणखी गंमत अशी, की ज्यांना पुढे चाल मिळते त्यांच्या गावात सामनाच होत नाही. त्यांचा पुढचा सामना थेट दूरच्या कुठल्या तरी तिसऱ्याच शहरात. म्हणून भाऊजींच्या दोन मागण्या होत्या. मानांकन सरळ क्रमांकाने द्या. आणि ज्याला पुढे चाल नको असेल, त्याला ती नाकारून आपल्या गावात खेळू द्या. "पुढे चाल हा मान आहे का शिक्षा, ते आधी ठरवा ना," ते म्हणायचे. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांच्यापुढेही बाटल्या मांडल्या गेल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या पंगतीला बसवायचं नाही, आणि वर म्हणायचं मान दिला, असंच ना?" भाऊजींनी बाटल्यांची झाकणं घट्ट लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना मानांकन ठरवणाऱ्या समितीवर घ्यायला पाहिजे होतं."

आम्ही हसायचो. शुभदाही हसायची. त्यांची मुलगी रेवा मात्र हसायची नाही, कारण लोणच्याच्या बाटल्यांसमोर ती लहानाची मोठी झाली होती. रेवा एकुलती एक, बापाचीच हनुवटी, बापाचाच हट्ट. शाळेच्या बँडमध्ये तिने ट्रॉम्बोन हे वाद्य घेतलं. पितळी, लांबच लांब, एक नळी पुढेमागे सरकवत वाजवायचं. घरात ते वाजायला लागलं की शेजारची कुत्री बोलायला लागायची. पुढे सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी ती नेमकी बापाच्याच युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथल्या बँडमध्ये निवडली गेली. फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात हा बँड मैदानात उतरतो, शे-दोनशे मुलं वाजवत वाजवत चालतात, वळतात, आकृत्या करतात. भाऊजींच्या दृष्टीने जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी एकाच मैदानावर आल्या होत्या.

पहिल्याच वर्षी पालकांना बोलावणं होतं, आणि भाऊजी गेले. शुभदाच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून ती तेव्हा नागपूरला होती. भाऊजी एकटेच गेले. पुढचं सगळं मला शुभदाने सांगितलं, तिला रेवाने सांगितलं होतं, तेही पुष्कळ महिन्यांनी. झालं ते इतकंच. मध्यंतर व्हायच्या जरा आधी भाऊजी कॉफी घ्यायला स्टँडच्या मागे गेले. तिथे रांगेत कुणीतरी म्हणालं, की गटविजेत्यांनाच पुढे चाल मिळायला हवी. बस. भाऊजींनी काउंटरवरच्या मोहरीच्या आणि केचपच्या बाटल्या ओढल्या, त्या माणसाला समोर उभं केलं आणि बाजू मांडायला सुरुवात केली. माणूस भला होता, ऐकत राहिला. स्टँडच्या पलीकडे बँड मैदानात उतरला, वाजला आणि परतही गेला. रेवाने मैदानातून पाहिलं, तर तिने मोजून सांगितलेल्या रांगेतली ती एकच खुर्ची रिकामी होती. सामन्यानंतर भाऊजी तिला म्हणाले, "छान झालं हो तुमचं." तिने ट्रॉम्बोन पेटीत ठेवून पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "यू डोन्ट हॅव टू कम नेक्स्ट टाइम, बाबा." तिने सहज म्हटलं असं समजून ते विमानात बसले, आणि शुभदा म्हणते, टोरोंटोत उतरेपर्यंत ते सहज नव्हतं हे त्यांना कळलेलं होतं.

त्यानंतर ते गेले नाहीत. रेवाने बोलावलं नाही, आणि न बोलावता कुठे जायचं नाही या बाबतीत नागपूरची माणसं फार मानी असतात. रेवाही हिवाळ्यात घरी यायची नाही. मोसम संपला तरी नाताळच्या आसपास तिच्या संघाचा कुठेतरी एक सामना असायचाच, आणि बँड बरोबर जायचा. उन्हाळ्यात ती तिकडेच कामं घ्यायची. फोनवर बाप-लेक बोलायचे, पण हवेवर. तिकडे बर्फ किती पडलं, इकडे किती पडलं. मानांकनाबद्दल ती एक अक्षर विचारायची नाही आणि भाऊजीही स्वतःहून काढायचे नाहीत. ते सगळं आमच्या वाट्याला यायचं. आम्हाला वाटायचं, वयोमानाने जोर वाढलाय.

रेवाचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि त्या वर्षी तिच्या संघाला काय झालं कोण जाणे, ते जिंकतच सुटले. बारा संघांत येतील असं लोक बोलायला लागले. सप्टेंबर संपता संपता एका रविवारी रेवाचा फोन आला. हवेचं झालं. मग जरा थांबून ती म्हणाली, "बाबा, इफ वुई गेट अ होम गेम इन डिसेंबर, यू शुड कम. इट्स माय लास्ट वन." भाऊजी म्हणाले, "येतो ना." ती म्हणाली, "अँड बाबा. स्टे इन युअर सीट."

हे शुभदाने मला सांगितलं तेव्हा आम्ही ग्रोसरीच्या रांगेत उभ्या होतो, आणि तिचे डोळे भरून आले ते कांद्यांवर ढकलायची सोय नव्हती, कारण कांदे पिशवीत होते. त्या दिवसापासून भाऊजींनी एक विलक्षण साधना सुरू केली. दर शनिवारी टीव्हीवर सामना लागला, की मध्यंतरात ते जागचे हलायचे नाहीत. पूर्वी मध्यंतर झालं की ते उठायचे, चहा टाकायचे, कुणाला तरी फोन लावून वाद घालायचे. आता हात मांडीवर ठेवून, पाठ सरळ करून बसून राहायचे. टीव्हीवर बँड दाखवत नाहीत. जाहिराती दाखवतात, नाहीतर कोट घातलेली चार माणसं बडबड करतात. भाऊजी ते पाहायचे. दाराची बेल वाजली तरी उठायचे नाहीत. एकदा मी डबा परत द्यायला गेले, तर आतून आवाज आला, "दार उघडं आहे, मी उठू शकत नाही!" मला वाटलं कंबर धरली. आत जाऊन पाहते, तर सोफ्यावर ताठ बसलेले, समोर विम्याची जाहिरात चाललेली. "वॉशरूमला जायचं असेल तर?" मी विचारलं. म्हणाले, "आधी जाऊन येतो. शिस्त लावून घेऊन राहिलो."

नोव्हेंबर संपला तेव्हा रेवाच्या संघाचा क्रमांक आठवा होता. आठवा म्हणजे आपल्या गावात सामना. भाऊजींनी सुट्टी टाकली, विमानाचं तिकीट काढलं, कानटोपी घेतली. मग शेवटच्या शनिवारी रेवाचा संघ आपल्या गटाचा विजेता झाला, आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका मोठ्या गटात भलताच, खालच्या क्रमांकाचा संघ जिंकून बसला. त्यामुळे गटविजेत्यांची उतरंड लावताना चौथी जागा रेवाच्या संघाकडे आली. रविवारी दुपारी बारा संघांची नावं टीव्हीवर जाहीर झाली. आठव्या क्रमांकाच्या त्या लहानशा डोंगरी युनिव्हर्सिटीला पुढे चाल!

आम्ही सगळे तोपर्यंत इतके तयार झालो होतो, की बातमी ऐकताच माझा नवरा आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी धावलो. भाऊजी बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसले होते. माझ्या नवऱ्याने हात पुढे केला, "अभिनंदन! तुमच्या पोरांना डायरेक्ट पुढे चाल! लॉटरीच की हो!"

भाऊजींनी हात हातात घेतला, पण पेढा घेतला नाही. "हे चूक आहे," ते म्हणाले.

"अहो, पण तुमचाच संघ..."

"आठव्याला पुढे चाल द्यायची नसते. माझा असला तरी नाही." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की माझ्या नवऱ्याने तोंडाजवळ नेलेला स्वतःचा पेढाही डब्यात ठेवला. "आठव्याने आपल्या गावात नवव्याशी खेळायचं असतं. लोकांनी थंडीत येऊन पाहायचं असतं. ते त्यांचं हक्काचं असतं. हा मान नाही. हे काढून घेणं आहे."

मला वाटलं, काय तत्त्वाचा माणूस आहे! मग मी शुभदाकडे पाहिलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या हातात ती नवी कानटोपी होती.

तेवढ्यात फोन वाजला. रेवा. शुभदाने स्पीकर लावला. मागे नुसता कल्ला चाललेला, कुणीतरी ढोल बडवत होतं. "बाबा! वुई गॉट अ बाय! डिड यू सी?"

"पाहिलं ना," भाऊजी म्हणाले. "अभिनंदन, बेटा. पण नियम चूक आहे. आठव्या क्रमांकाला..."

पलीकडे ढोल वाजत राहिला. "ओके," रेवा म्हणाली. "ओके, बाबा." इथे वाढलेल्या मुलांचं हे 'ओके' आम्हा आयांना चांगलं ठाऊक असतं. दार न आपटता दार लावून घेण्याचा तो प्रकार आहे.

शुभदा पायरीवरून उठली आणि तिने फोन तोंडाशी धरला. "रेवा, ठेवू नको. ऐक. ह्यांनी तिकीट काढलं होतं. सुट्टी घेतली होती. आणि सप्टेंबरपासून मध्यंतरात जागचे हललेले नाहीत."

"व्हॉट?"

"बसायची प्रॅक्टिस करून राहिले. दर शनिवारी."

ढोलाचा आवाज लांब गेला. ती बहुतेक बाहेर आली असावी. "बाबा, इज दॅट ट्रू?"

भाऊजी आमच्या कुणाकडेही न बघता म्हणाले, "टीव्हीवर बँड नाही दाखवत. जाहिराती दाखवतात. त्या पाहतो."

मग रेवा हळूच, मराठीत म्हणाली, "बाबा, आता इथे गेम नाहीये ना, तर आम्हाला सुट्टी दिलीये. न्यू इयरच्या आधी परत जमायचंय. मी घरी येऊ?"

भाऊजींनी मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही हे शुभदाला त्यांना सांगावं लागलं.

रेवा आली. एअरपोर्टवरून येताना ट्रॉम्बोनची पेटी पुढच्या सीटवर पट्टा लावून आणि शुभदा मागे, अशी गाडी घरी आली. शुभदाने कुरकुर केली तर भाऊजी म्हणाले, "ती जास्त लांबून आलेली आहे." रेवाने आल्याबरोबर दोन दिवस नुसती झोप काढली, वरण-भात खाल्ला, आणि बापाबरोबर इटालियन आजीचा ड्राइव्ह-वे शोव्हल केला. पहिल्या फेरीच्या शनिवारी आम्हाला दोघांनाही बोलावणं होतं. दुपारी आम्ही पाचजण बेसमेंटमध्ये बसलो. सामना तिसऱ्याच कुणाचा तरी होता. त्या गावात थंडी, वाफ आणि गर्दी. भाऊजी पूर्वार्धभर पडद्याकडेच पाहत होते. एकदाच म्हणाले, "पाहा, कशी आली आहेत माणसं."

मध्यंतर झालं. रेवा उठली, तिने टीव्हीचा आवाज बंद केला, पेटीतून ट्रॉम्बोन काढला आणि कपडे वाळवायच्या मशीनच्या नि टीव्हीच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. पायात घरातले लोकरी मोजे. "धिस इज द शो," ती म्हणाली. "म्हणजे माझा पार्ट."

बँडमध्ये तिचा तिसरा ट्रॉम्बोन. मुख्य चाल तिच्या वाट्याला कधी येतच नाही, हे मला तेव्हा कळलं. ती ठेका धरून जागच्या जागी पावलं टाकायला लागली. पों, पों. मग काहीच नाही. नुसती पावलं, वाद्य छातीशी. मग लागोपाठ तीन पों आणि एक लांबलेला, खाली उतरत जाणारा सूर. मग पुन्हा शांतता. गाणं कुठलं आहे याचा पत्ता लागायला काही मार्ग नव्हता. जिथे चाल असायला हवी होती तिथे मशीनमधला टॉवेल गरगरत होता. ती डावीकडे वळली, चार पावलं गेली, सोफ्याला अडखळू नये म्हणून अर्धं पाऊल कमी टाकलं, परत वळली. मोठ्या मैदानावर शंभरजणांबरोबर जे करायचं ते सगळं, त्या गालिच्याएवढ्या जागेत. एका लांबलेल्या शांततेत माझ्या नवऱ्याला वाटलं संपलं, आणि त्याने टाळी वाजवायला हात उचलले. भाऊजींनी मागे न बघता एक बोट वर केलं. त्याने हात खाली घेतले. भाऊजी मांडीवर हात ठेवून, पाठ सरळ करून बसले होते. ती वाजवत होती तेव्हा ते ऐकत होते, आणि ती वाजवत नव्हती तेव्हाही ते ऐकत होते.

शेवटी एक दीर्घ पों झाला, रेवाने वाद्य खाली घेतलं. धाप लागली होती तिला.

"मधे तू थांबत होती, तिथे कोण वाजवतं?" भाऊजींनी विचारलं.

"ट्रम्पेट्स."

"त्यांचा आवाज मोठा असेल. मग तुझा वर ऐकू येतो का लोकांना?"

"नो, बाबा. थर्ड ट्रॉम्बोन कुणालाच ऐकू येत नाही." ती हसली. "बट यू हर्ड इट."

"सगळा ऐकला ना," भाऊजी म्हणाले. टीव्हीवर उत्तरार्ध सुरू होऊन कितीतरी वेळ झाला होता. आवाज लावायचं कुणाला सुचलं नाही. मग त्यांनी घसा खाकरला. "नियम तरी चूकच आहे."

"आय नो, बाबा," रेवा म्हणाली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने स्वतःच, त्यांच्या गुडघ्यावर चापट मारून विचारलं, "बरं, सांगा. सातव्याला कुठे टाकलं असतं तुम्ही?" भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की शुभदाला चहाचं निमित्त करून वर जावं लागलं. मीही गेले मागोमाग.

नव्या वर्षाच्या सामन्यात रेवाचा संघ सपाटून हरला. घरी बसून पोरांचे हातपाय आखडले, असं सगळे म्हणाले. 'तुमचंच खरं होतं' असं सांगायला माझ्या नवऱ्याने फोन केला, तर भाऊजींनी तो घेतला नाही. ते टीव्हीच्या पार जवळ जाऊन उभे होते. कॅमेरा एकदा, अगदी निमिषभर, बँडवरून फिरला होता. त्यात रेवा दिसली असं ते म्हणतात. सगळ्यांच्या टोप्या सारख्याच होत्या असं शुभदा म्हणते.

पुढच्या मोसमाला नियम बदलला. आता मानांकन सरळ क्रमांकाने. पहिल्या चार क्रमांकांना पुढे चाल, गटविजेते असोत-नसोत. म्हणजे भाऊजींची एक मागणी पूर्णच झाली. आम्हाला वाटलं होतं, ते गावजेवण घालतील. ते नेहमीसारखे कामावर गेले. रेवा पदवी घेऊन कॅनडात परतली, पण नोकरी मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या सरे शहरात, पुलांच्या कामावर. डिसेंबरात तिच्या साइटवर सुट्टी नव्हती.

गेल्या डिसेंबरात पहिल्या फेरीच्या शनिवारी मी नारळाच्या वड्या घेऊन गेले. भाऊजी बेसमेंटमध्ये एकटेच होते. सामना नुकताच सुरू झाला होता. मी म्हटलं, "भाऊजी, झालं की तुमच्या मनासारखं."

"झालं ना," ते म्हणाले. "बरोबर झालं." त्यांनी एक वडी घेतली. मग म्हणाले, "ते वरचे चार संघ आज खेळून नाही राहिले. त्यांचे बँडही नाही. म्हणजे चार गावची ती सगळी पोरं आज आपापल्या घरी असतील."

"असतील," मी म्हटलं.

"त्यातल्या एखाद्या बापाला वाटत असेल, नियम चूक आहे म्हणून."

वरून शुभदाने चहाला हाक मारली. चालू सामना सोडून भाऊजी उठलेले मी कधी पाहिले नव्हते, ते उठले. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, रेवाचा नंबर समोर आणला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सरे आमच्यापेक्षा तीन तास मागे आहे. तिकडे नुकतं उजाडलं असणार, तेही शनिवारी.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहाचा कप जवळ ओढला. "झोपू दे तिला अजून थोडं," ते म्हणाले.